कांदा काढून ये

पहाटे पाचला खांबावरच्या कर्ण्यातून लामचं नाव वाचलं गेलं, तेव्हा त्याची आई थिन भुईमुगाच्या सरीत ओणवी होती. आधी नेहमीचं गाणं लागलं, मग हवामान सांगून झालं, डुकरांच्या लशीचं झालं आणि मग गावच्या कचेरीतल्या ख्वातचा आवाज आला. करार मोडून कोरियात राहिलेले, वस्ती सहा, किएम यांचा मुलगा लाम. घरच्यांनी त्याला परत बोलवावं.

थिननं हातातली झुडपं झटकली. वाळू पायांवर पडली. पुढची मूठ धरून तिनं ओढ दिली.

सरीच्या टोकाला ठेंगण्या स्टुलावर बसून किएम शेंगा तोडत होता. देशाच्या दक्षिणेत इमारतीच्या परांचीवरून पडल्यापासून त्याला वाकता येत नव्हतं, पण बसवून दिलं की हात चालायचे.

"आज नाव तरी धड घेतलं," तो म्हणाला. "परवा काय म्हणाला ते मलाच कळलं नव्हतं. म्हटलं, दुसऱ्या कुणाचं दिसतंय."

लाओसकडून येणारा वारा चार दिवस थांबला नव्हता. आठ वाजले की तो तोंडावर चुलीसारखा यायचा, आणि वाळू इतकी तापायची की पाय टेकवेना. त्याच्या आत जेवढं निघेल तेवढं काढायचं. दोघांच्या हातानं दिवसाला दीड सरी होत होती. सरी होत्या सदतीस.

आमच्या या वाळूच्या पट्ट्यात भुईमूग कुणी एकट्यानं काढत नाही. आज तुझ्याकडं, उद्या माझ्याकडं, असंच चालत आलंय. थिनची जोडी शेजारच्या हिएनशी. बावीस वर्षं दोघींनी एकमेकींची शेतं काढली होती. हिएनचा नवरा होडीवरून गेला तो मिळालाच नाही, त्या वर्षी थिननं तिचं सगळं रान एकटीनं काढून दिलं होतं. यंदा हिएननं माहेरच्या दोन भावजया बोलावल्या, पाच दिवसांत काम उरकलं आणि थिनला हाक मारली नाही. कुंपण होतं कमरेइतकं. थिन पलीकडून सगळं बघत होती. जेवणाच्या वेळी हिरव्या चहाचे वाडगे फिरले तेव्हा हिएननं पाठ फिरवली, म्हणजे बघायचं टाळलं एवढंच.

कारण लामच होता. कोरियातल्या एका तालुक्याचा आणि आपल्या तालुक्याचा करार झाला होता. तिकडं शेती आहे पण शेतात जायला माणूस नाही, इकडं माणसं आहेत पण त्यांना पुरेल असं काम नाही. पाच महिने जायचं, त्यांचा कांदा, मिरची, स्ट्रॉबेरी करायची आणि परत यायचं. गेल्या वर्षी आपल्याकडून साठ जण गेले. सत्तावन्न आले. उरलेल्या तिघांतले दोघं यंदा फेब्रुवारीत आले. राहिला लाम. तिकडच्यांनी कळवलं, सगळे आल्याशिवाय पुढची माणसं घेणार नाही. यंदाच्या यादीत चाळीस नावं होती. सतरावं नाव हिएनच्या मुलीचं, वानचं. तिची तपासणी झाली होती, भाषेची परीक्षा झाली होती, थंडीचा जाड कोटसुद्धा घेऊन झाला होता.

सातच्या सुमारास ख्वात शेतावर आला. गाडी बांधावर लावून बुटांत वाळू जाऊ नये म्हणून पाय उचलत उचलत आला. मुलगा तसा वाईट नव्हता. तिशीतला, पोट सुटायला लागलेला, डोळ्यांखाली काळं.

"मावशी, आज दुपारी कचेरीत या. तिथून फोन लावू. लाम तुमचाच फोन घेतो."

"घरूनही लावते मी."

"घरून तुम्ही 'जेवलास का' एवढंच विचारता. पाच तारीख आहे आज. दहाच्या आत तो तिकडच्या कचेरीत हजर झाला तर यादी सुटते. नाही झाला तर गेली." त्यानं खिशातून घडी केलेला कागद काढला. "काय बोलायचं ते लिहून दिलंय."

थिनला चष्म्याशिवाय वाचता येत नव्हतं. किएमनं कागद हातात घेऊन लांब धरला आणि मोठ्यानं वाचला. "बाबा अत्यवस्थ आहेत. डॉक्टरांनी आशा सोडली आहे. शेवटचं तोंड बघून जा." त्यानं कागद परत घडी केला. "अक्षर चांगलं आहे तुझं."

"काका, राग मानू नका. दुसऱ्या तालुक्यात याचा उपयोग झालाय."

"राग कसला. अगदीच खोटं आहे असंही नाही. जरा लवकर लिहिलंस एवढंच."

"जित्या माणसाचं मरण तोंडानं बोलू नये," थिन म्हणाली.

"मग काय बोलणार आहात?" ख्वातनं टोपी काढून कपाळ पुसलं. "दीड महिना तुमचं नाव वाचतोय मी. मला बरं वाटतं का? माझ्या सख्ख्या मेहुण्याचं नाव आहे त्या यादीत. बायको घरात बोलत नाही माझ्याशी."

दुपारी थिन हातपाय धुऊन, बाजाराचा सदरा घालून सायकलवरून कचेरीत गेली. तेवढ्या वाटेत तिला दोघं भेटले. एकानं बघितलं नाही. दुसरीनं बघितलं आणि विचारलं, "काय थिनताई, लेकाचं लग्नबिग्न झालं वाटतं तिकडं?" थिन म्हणाली, "झालं तर सांगेन." आणि पायडल मारत राहिली.

कचेरीच्या खोलीत पंखा होता. ख्वात होता, महिला मंडळाच्या एक बाई होत्या आणि वरून आलेला एक साहेब होता. तो काही बोलत नव्हता, फक्त लिहीत होता. ख्वातनं फोन पुस्तकाला टेकवून उभा केला आणि कागद थिनच्या समोर ठेवला. तिनं चष्मा घातला.

लाम दिसला. काळा पडला होता. डोक्यावर बायकांसारखी मागं पडदा असलेली टोपी होती. मागं उतारावर कांद्याचं रान आणि लाल जाळीच्या पिशव्यांची रांग.

"आई, बाबा कसे आहेत?"

थिननं कागदाकडं बघितलं. मग चष्मा काढून हातात घेतला.

"बसून शेंगा तोडतात. पाठ आहे तशीच आहे."

ख्वातनं हातातलं पेन टेबलावर ठेवलं.

"मागं पंखा दिसतोय," लाम म्हणाला. "कचेरीत बोलावलं का तुला?"

"हो. सगळे बसलेत. नीट बोल."

मग ख्वात पुढं सरकला. दहा तारीख, चाळीस जणांची यादी, दंड, पाच वर्षांची बंदी, सगळं त्यानं पुन्हा सांगितलं. आवाज चढवला नाही. लामनं मान खाली घालून ऐकून घेतलं.

"येणारच आहे मी," तो म्हणाला. "मी कुठं कायमचा राहतोय. करार संपला आणि निघायच्या आठ दिवस आधी या आजीकडं कांद्याची रोपं लावायला आलो होतो. हिला कुणी नाही. मुलं शहरात आहेत, ती नवीन वर्षालासुद्धा येत नाहीत. या गावात तेरा घरं आहेत, त्यातली आठ बंद. शाळेत मिरच्या वाळवतात. सगळ्यात तरुण मी, माझ्यानंतर इथला सरपंच, तो सदुसष्टचा. हिनं हात धरून विचारलं, थांबतोस का. थांबलो."

"बाकीच्यांच्या पोटावर पाय देऊन थांबलास," महिला मंडळाच्या बाई म्हणाल्या.

लामनं फोन फिरवला.

रानात एक म्हातारी बसली होती. बसली होती म्हणजे, कमरेला पट्ट्यानं एक गोल उशी बांधलेली, तिच्यावर टेकून ती सरकत सरकत पुढं येत होती. हातातल्या कात्रीनं कांद्याची पात कापायची, कांदा मागं टाकायचा, पुन्हा सरकायची. पाठ इतकी वाकलेली की उठून उभी राहिली तरी तोंड जमिनीकडंच. लामनं काही म्हटल्यावर तिनं हात मांडीला पुसले, फोनच्या दिशेनं आणखी वाकली आणि बराच वेळ बोलली. कुणालाच काही कळलं नाही. वरून आलेल्या साहेबानंही लिहिणं थांबवलं.

"काय म्हणते?" थिननं विचारलं.

"म्हणते, तुमच्या मुलाला मी ठेवून घेतलं. चूक माझी. आणि म्हणते, आठ दिवस द्या. चौदापासून पाऊस सांगितलाय."

"किती सरी राहिल्या?"

"बावीस. आपल्या दुप्पट लांबीच्या."

"पात पडली?"

"पडून चार दिवस झाले."

"आणि माणसं?"

"मी आणि ही."

थिननं चष्म्याची काडी उघडली, मिटली. पात पडल्यावर कांदा जमिनीत राहिला आणि वर पाऊस लागला तर काय होतं हे तिला कुणी सांगायला नको होतं. भुईमुगाचंही तेच. घरी तिच्या अठ्ठावीस सरी उभ्या होत्या.

"काढून ये," ती म्हणाली.

"मावशी, काय बोलताय?" ख्वात म्हणाला.

"काढून ये. झालं की एक दिवस थांबू नकोस. तिथून सरळ त्यांच्या कचेरीत जा." मग ती ख्वातकडं वळली. "तेरा तारखेला हजर होईल. तीन दिवस जास्त. तुम्ही तसं लिहा त्यांना."

"तीन दिवस तुमच्या शेतात तीन दिवस असतात मावशी. तिथं ते तसं धरत नाहीत."

"लिहून बघा."

ख्वातनं तिला दारापर्यंत सोडलं. बाहेर वारा होता, दोघांचे डोळे बारीक झाले.

"चाळीस घरं आहेत," तो म्हणाला. "त्यांच्या आयांना मी काय सांगू?"

"माझं नाव सांगा."

"ते तर रोजच सांगतो."

सूर्य मावळायच्या आत गोष्ट वस्तीत पोचली. थिन अंगणात शेंगा पसरत होती. हिएन कुंपणापाशी आली. दीड महिन्यात पहिल्यांदाच आली. तिच्या हातात डुकरांच्या खाण्याची बादली होती, ती तिनं खाली ठेवली नाही.

"थिनताई, एक विचारते. तिकडच्या म्हातारीचा कांदा तुला दिसला. माझी वान दिसली नाही?"

थिनचा दाताळं धरलेला हात थांबला. खोटं बोलता आलं असतं.

"दिसली," ती म्हणाली.

"दिसली, तरी म्हणालीस."

"हो."

बादलीच्या वजनानं हिएनचा एक खांदा उतरला होता. मग ती गेली.

"काही म्हणायचंस तरी," किएम आतून म्हणाला.

"काय म्हणू?"



पाऊस तिकडं चौदाला सांगितला होता. इकडं तो नऊ तारखेलाच आला आणि तीन दिवस धरून राहिला. थिननं प्लास्टिकचा तुकडा पाठीवर बांधून झुडपं उपटली. ओल्या वाळूत शेंगा सुटून आत राहत होत्या, त्या कुदळीनं उकराव्या लागत होत्या. किएम पडवीत बसून तोडत होता. दुसऱ्या दिवशी त्यानं एक शेंग फोडली, तिला पांढरा कोंब आला होता. त्यानं ती दाखवली नाही, टोपलीखाली सारली. तिसऱ्या दिवशी सगळ्याच तशा निघायला लागल्या, तेव्हा लपवायचं काही उरलं नाही. सोळा सरी गेल्या. कोंब आलेला माल त्यांनी डुकरांना घातला. रोज संध्याकाळी थिनच्या बोटांची पेरं सुजायची, आणि भाताचा वाडगा ती दोन तळव्यांत धरून तोंडाला लावायची.

लाम तेरा तारखेला तिकडच्या कचेरीत हजर झाला. चार दिवस कोंडून ठेवला, दंड घेतला, विमानात बसवला. तो दुपारच्या बसनं आला. पाठीवर एक पिशवी. आईनं त्याला बघितलं, त्याच्या हातांना बघितलं आणि म्हणाली, "जेवून घे." किएमला मात्र हसू आलं. "मी अजून आहे," तो म्हणाला. "तुझ्या आईनं ऐन वेळी वाचवलं."

दुसऱ्या दिवशी लाम हिएनच्या दारात गेला. ती केळीचे खुंट चिरत होती. वान ओट्यावर बसली होती, ती उठून आत गेली.

"काकू, माझं चुकलं."

हिएननं विळा थांबवला नाही. "कांदा चांगला निघाला?"

"निघाला."

"मग झालं की."

ती उठून डुकरांकडं गेली. मग तो परत आला.

तिकडचं उत्तर जुलैच्या शेवटी आलं. ख्वातनं ते कर्ण्यावरून वाचलं, भाताच्या बियाण्याची माहिती आणि हवामान यांच्या मधे. त्या तालुक्यानं लाओसच्या डोंगरातल्या एका जिल्ह्याशी करार केला होता. तिथली माणसं रवानाही झाली होती. आपल्या यादीचा पुढच्या वर्षी विचार होईल. एवढं वाचून त्यानं खोकून घसा साफ केला आणि वारा कुठून येणार ते सांगितलं. लामचं नाव वाचणं तो परत आला तेव्हापासूनच बंद झालं होतं. वाचून उपयोग उरला नव्हता.

तिकडच्या म्हातारीचा एकदा फोन आला. लाम अंगणात फिरत तिच्याशी बोलला. लसूण लावायचा आहे, माणूस मिळत नाही, असं काहीतरी म्हणत होती. त्यानं लाओसची माणसं आलीत ना म्हणून विचारलं. ती म्हणाली, आली, पण ती करारवाल्यांच्या शेतात. करारासाठी अर्ज करायला संगणक लागतो.

ऑगस्टमध्ये एके सकाळी हिएन थिनच्या अंगणात आली. कुंपणापाशी थांबली नाही, फाटकातून आत आली. कपाळाला पांढरी पट्टी बांधलेली होती.

"सासूबाई गेल्या," ती म्हणाली. "पहाटे."

थिननं हातातलं सूप खाली ठेवलं. म्हातारी एक्याण्णव वर्षांची होती, दोन वर्षं अंथरुणात. हिएननंच सगळं केलं होतं.

"बस जरा."

"बसायला वेळ नाही. लाम आहे घरी?"

"आहे."

"खांद्याला माणसं पुरत नाहीत. आठ लागतात. सकाळपासून वस्तीत फिरते आहे, सहा झाली. त्यातला थुकभाऊ अडुसष्टचा." तिनं पट्टी सारखी केली. "त्याला मी बोलावत नाहीये. माणूस कमी आहे म्हणून आले."

"कळलं."

"एवढंच सांगायचं होतं."

आमचं स्मशान सुरूच्या झाडांपलीकडं, टेकाडावर. मैदानातून गाडा चालतो, पण टेकाडाच्या वाळूत चाकं बसतात. तिथून पुढं खांद्यावरच न्यावं लागतं. पूर्वी पोरं रांग लावायची, दर वीस पावलांना खांदा बदलायचा. आता ढोल वाजवणारेसुद्धा शेजारच्या गावातून आणले होते.

टेकाडाच्या पायथ्याशी गाडा थांबला. सहा जण आणि लाम, सात झाले. आठव्या जागेचा बांबूचा दांडा तसाच पुढं आलेला होता. थुकभाऊंनी चहूकडं बघितलं. ख्वात होता, पण त्याचा हात त्याच आठवड्यात गाडीवरून पडून मोडला होता. किएमनं काठी बाजूला ठेवली तेव्हा थिननं ती उचलून परत त्याच्या हातात दिली.

"मी लागते," वान म्हणाली.

"बाईमाणूस खांदा देत नाही," थुकभाऊ म्हणाले.

हिएन शवपेटीच्या पुढं उभी होती. आईच्या शवपेटीपुढं मुलानं तिच्याकडं तोंड करून उलट पावली चालायचं असतं. मुलगा समुद्रात गेलेला, म्हणून ती सून असून त्याच्या जागी उभी होती. हातात काठी, कमरेत वाकलेली. तिनं मान वर केली नाही.

"परदेशात पाठवायला बाईमाणूस चालत होतं," ती म्हणाली. "सरकारी शिक्का होता त्याच्यावर. इथं दोनशे पावलं चालत नाही का?"

थुकभाऊंनी दांड्यावरचा पांढरा फडका वानच्या हातात दिला. तिनं तो खांद्यावर घडी करून ठेवला. लाम तिच्या शेजारच्या दांड्याखाली होता. दोघांनी एकमेकांकडं बघितलं नाही. ढोल वाजला आणि पेटी वर आली.

चढ अर्धाही झाला नव्हता तेव्हा थुकभाऊंचा पाय वाळूत फिरला. पेटी एका कोपऱ्यात खचली. थिन मागून चालत होती. तिनं डोक्यावरची टोपी टाकली, खाली घुसली आणि दांडा मानेजवळ घेतला. वजन एकदम हाडावर आलं. तिच्या तोंडातून आवाज निघाला, पण तो ढोलात कुणाला ऐकू गेला नाही. थुकभाऊ बाजूला होऊन गुडघ्यांवर हात टेकून श्वास घेत राहिले.

वाळू पावलागणिक अर्धं पाऊल मागं ओढत होती. हिएन समोर उलट चालत होती. तिला वाट दिसत नव्हती. तिला दिसत होती ती पेटी आणि पेटीखालची माणसं, लाम, वान, मागं थिन. घाम सगळ्यांच्या डोळ्यांत जात होता, आणि पुसायला कुणाचाच हात मोकळा नव्हता.

"काकू," लाम म्हणाला, "मागं खड्डा आहे. डावीकडं या."

हिएन थांबली. तिनं त्याच्याकडं बघितलं. मग मागं वळून न बघता तिनं काठी उचलली, डावीकडं टेकवली आणि त्या बाजूला पाऊल टाकलं.

"अजून थोडं," लाम म्हणाला. "हं. आता सरळ."